गाडीतला आवाज सुधारायचाय? डिकी राहू द्या, आधी दार उघडा

गाडी घेतली की दोन-तीन महिन्यांत म्युझिक सिस्टीमची खुमखुमी येतेच. ठाण्यात असा, वाशीत असा, ॲक्सेसरीजच्या दुकानात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "साहेब, एक बूफर टाकून घ्या, गाडी हलेल." बूफर म्हणजे खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, तो डिकीत बसतो. गाडी हलते, त्यात खोटं काही नाही. पण गाण्यातले शब्द ऐकू येईनासे होतात, आणि महिन्याभराने मालक बूफरचा आवाज हळूहळू शून्यावर आणून ठेवतो.

माझं म्हणणं सरळ आहे. गाडीतला आवाज पुढच्या दोन दारांत सुधारतो, तेव्हा पैसा आणि मेहनत तिथे घाला. दुकानाचा क्रम डिकीपासून सुरू होतो, कारण तिथे लागलेला माल दिसतो आणि बिलही मोठं होतं. आपला क्रम उलटा. आधी गाण्याची फाईल, मग डेकची (डॅशबोर्डमधल्या प्लेअरची) सेटिंग, मग दार, मग स्पीकर, मग ॲम्प (आवाजाची ताकद वाढवणारा डबा). बूफर सगळ्यात शेवटी, तोही लागला तर. खाली दिलेल्या नऊपैकी पहिल्या चार पायऱ्यांना जवळजवळ खर्च नाही, आणि त्या केल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका.

पायरी १: आहे तेच नीट ऐका

चार गाणी निवडा आणि शेवटपर्यंत तीच वापरा. एक जुनं मोनो गाणं: साठच्या दशकातली बहुतेक हिंदी-मराठी गाणी मोनोच आहेत. एक अभंग, ज्यात पखवाज आणि टाळ दोन्ही आहेत. एक ख्यालगायन, ज्यात तानपुरा मागे सतत चालू आहे. चौथं तुम्ही रोज ऐकता ते, मग ते काहीही असो.

प्रत्येकाकडून वेगळी माहिती मिळते. टाळ कानाला टोचत असतील, तर वरच्या पट्टीचा गोंधळ आहे. पखवाजाची थाप "धुम्" अशी गोल येण्याऐवजी "भद्" अशी चपटी येत असेल, तर दार किंवा स्पीकर कमी पडतोय. तानपुऱ्याची सलग आस मधेच कुठे झिरमिरली, तर गाडीचं काहीतरी प्लास्टिक सोबत वाजतंय. मोनो गाण्यात दोन्ही बाजूंना एकच आवाज असतो, म्हणून गायक समोर, डॅशबोर्डच्या मध्याजवळ उभा असल्यासारखा वाटायला हवा. तो दोन्हीकडे पसरलेला, धुरकट वाटला तर कुठेतरी वायर उलटी असण्याची शक्यता आहे. त्याबद्दल पुढे.

ऐकायचं दोन ठिकाणी. एकदा पार्किंगमध्ये, इंजिन आणि एसी बंद करून. एकदा रस्त्यावर. माजिवड्याच्या सिग्नलला अडकून आवाज तपासता येत नाही, तिथे हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाही. नवी मुंबईकरांना पाम बीच रोड बरा पडतो: रविवारी सकाळी ५०-६० च्या सरळ वेगात दोन गाणी पूर्ण होतात. मग त्याच आवाजावर ठाणे-बेलापूर रस्त्याच्या काँक्रीटवर या. काँक्रीटवर टायरची घरघर जास्त असते आणि ती नेमकी खालच्या सुरांना खाते. डग्ग्याचा घुमारा तिथे गायब झाला, तर स्पीकरला दोष देऊ नका.

यातून निदान निघतं. उभ्या गाडीत छान पण रस्त्यावर पोकळ वाटत असेल, तर तुमचा शत्रू बाहेरचा आवाज आहे; दारांचं डॅम्पिंग (पत्र्याला शीट लावून त्याचं वाजणं थांबवणं) आणि टायर यांकडे लक्ष द्या. टायर झिजलेत का, हवा कंपनीने लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त भरलीय का, तेही बघा. उभ्या गाडीतच वाईट वाटत असेल, तर पुढे वाचा.

पायरी २: गाणं कुठून येतंय?

व्हॉट्सॲपवर फिरत आलेली एमपीथ्री, कुणीतरी कॅसेटवरून उतरवून यूट्यूबवर चढवलेलं गाणं, डेटा वाचवायच्या सेटिंगवर चालणारं ॲप: यातलं काही वाजवत असाल, तर लाखाची सिस्टीमही त्याचे दोषच मोठ्याने ऐकवेल.

गाण्याच्या ॲपमध्ये दर्जाची सेटिंग असते. ती सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवा आणि घरच्या वायफायवर गाणी डाउनलोड करून घ्या. एमपीथ्री असेल तर ३२० केबीपीएसची, त्याहून बरं म्हणजे फ्लॅक, ज्यात गाण्यातलं काही गाळलेलं नसतं. पेन ड्राइव्ह डेकने वाचला नाही, तर तो बिघडलाय असं समजू नका. बऱ्याच डेकना फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेन ड्राइव्ह चालतो.

ब्लूटूथ सोयीचं, पण ते गाणं दाबून पाठवतं. वायर लावून अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले चालवलंत, तर गाणं यूएसबीतून जातं आणि फरक कळतो, टाळ आणि सतारीत तर नक्कीच. बिनवायरचं अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले गाणी वायफायवरून पाठवतात, त्यामुळे तेही साध्या ब्लूटूथपेक्षा सरस. ब्लूटूथच वापरायचं असेल, तर फोनचा आवाज पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त डेकवरून करा.

एफएमवरून सिस्टीमची परीक्षा करू नका. एफएममध्ये १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही नसतंच (हर्ट्झ म्हणजे सुराची उंची; आकडा मोठा तितका सूर वरचा). आणि एफएमला अचानक खरखर सुरू झाली असेल, तर आधी सिगारेट लायटरच्या जागी लावलेला स्वस्तातला चार्जर आणि डॅशकॅमचा अडॅप्टर काढून बघा. पुष्कळदा तिथेच मिटतं.

पायरी ३: डेकमधली बटणं

सेटिंगमध्ये जाऊन पहिल्यांदा सगळं शून्यावर आणा. लाउडनेस बंद. सराउंड, थ्रीडी, कॉन्सर्ट हॉल अशी जी नावं असतील ती सगळी बंद. नव्याने ऐकणाऱ्याला हे दोन दिवस बेचव वाटतं, कारण कानाला फुगवलेल्या बेसची सवय झालेली असते. दोन दिवस थांबा.

मग फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमधली वाटणी) दोन-तीन घरं पुढे घ्या. गाणं समोरून यायला हवं. मैफलीत कुणी गायकाकडे पाठ करून बसत नाही. मागे लहान मुलं किंवा आई-वडील बसत असतील, तर मागचे स्पीकर हलकेच चालू राहू द्या.

इक्वलायझरचा (वेगवेगळ्या सुरांच्या पट्ट्या कमी-जास्त करण्याच्या सेटिंगचा) एक नियम: जे जास्त वाटतंय ते कमी करा, जे कमी वाटतंय ते वाढवायच्या नादी लागू नका. कुठलीही पट्टी ३ डेसिबलने वाढवली की त्या सुरांसाठी ॲम्पला दुप्पट ताकद लागते, ६ ने वाढवली की चौपट. कंपनीच्या डेकमध्ये तेवढी ताकद नसतेच, मग आवाज फाटतो आणि आपण म्हणतो स्पीकर फाटला. आवाज कर्कश वाटत असेल तर २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं कमी करा. माणसाचा कान तिथे सर्वात हळवा असतो. पुरुषी आवाज डब्यातून आल्यासारखा वाटत असेल तर २०० हर्ट्झच्या आसपास कमी करून बघा. डेकमध्ये फक्त बेस, मिड, ट्रेबल असतील, तर एकेक घर एवढंच फिरवा आणि दोन गाणी ऐका.

पायरी ४: खडखड

इंटरनेटवर ३० ते २०० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर सापडतो, त्याला स्वीप म्हणतात. तो मध्यम आवाजात लावा आणि गाडीभर हात फिरवत बसा. दाराच्या खिशातली नाणी, चष्म्याचा कप्पा, मागची ट्रे, मोकळ्या सीटबेल्टचं बक्कल, डॅशबोर्डवरचा गणपती. जिथे हात ठेवल्यावर आवाज थांबतो तिथे फेल्टचा तुकडा किंवा पातळ फोम लावा. मागची नंबरप्लेट हमखास वाजते. नवी हाय सिक्युरिटी प्लेट स्नॅप लॉकने बसवलेली असते, ती काढता येत नाही आणि काढूही नये. तिच्यामागे बाजूने फोमची पट्टी सरकवा.

हे काम दिवसा करा. रात्री १० ते सकाळी ६ ही कायद्याने शांततेची वेळ आहे, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. पण सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये ४० हर्ट्झचा सूर लावलात, तर कायद्याआधी सेक्रेटरी येतील.

पायरी ५: दार

इथे सावकाश वाचा. सगळ्या लेखाचा ऐवज या पायरीत आहे.

स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा समोरची हवा ढकलली जाते आणि मागची ओढली जाते. म्हणजे पुढून निघणारी लाट आणि मागून निघणारी लाट एकमेकींच्या बरोबर उलट असतात. त्या भेटल्या की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. घरातल्या स्पीकरला लाकडी पेटी असते ती यासाठीच, मागची लाट आत कोंडायला. गाडीत ती पेटी म्हणजे दार. आणि दार कसं असतं? बाहेरून पातळ पत्रा, आतून दुसरा पत्रा, त्याला हात जाईल एवढी भोकं, त्यावर पातळ प्लास्टिक, वर डोअर पॅड. रिकाम्या तेलाच्या डब्यात स्पीकर बसवावा तसा हा प्रकार. मागची लाट भोकांतून पुढे येते, पत्रा स्वतःच वाजतो, आणि पखवाज "भद्" होतो.

म्हणून कामं तीन: बाहेरच्या पत्र्याला जड करणं, आतल्या पत्र्याची भोकं बुजवणं, आणि स्पीकर घट्ट बसवणं. कंपनीचाच स्पीकर ठेवून एवढंच केलंत, तरी गाडी बदलल्यासारखी वाटते. दार बंद करतानाचा आवाजही भारदस्त होतो, तो फायदा फुकट.

डोअर पॅड काढताना हँडलमागचे आणि आर्मरेस्टमधले स्क्रू आधी शोधा, ते झाकणाखाली लपवलेले असतात. मग खालच्या कोपऱ्यातून प्लास्टिकच्या पट्टीने क्लिपा सोडवा. एक-दोन क्लिपा तुटणारच, तेव्हा तुमच्या मॉडेलच्या आठ-दहा आधीच आणून ठेवा. पॉवर विंडोचा कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) हलक्या हाताने काढा. इग्निशन बंद असू द्या.

आतलं प्लास्टिक फाडू नका. पावसाचं पाणी काचेच्या रबरामधून दारात उतरतंच, ते दोष नाही, रचनाच तशी आहे. प्लास्टिक ते पाणी आत येऊ देत नाही आणि दाराच्या तळाच्या भोकांतून ते बाहेर पडतं. ठाण्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ते प्लास्टिक निष्काळजीपणे काढलं आणि तळाची भोकं बुजवली, तर जुलैत गाडीत कुबट वास, ऑगस्टमध्ये ओला गालिचा आणि दोन वर्षांत दाराच्या कडेला गंज. म्हणून काम सुरू करण्याआधी दाराच्या खालच्या कडेची भोकं शोधून त्यावर खडूने खूण करा. तिथे काहीही चिकटवायचं नाही.

शीट ब्यूटाइल रबराची घ्या, दोन मिलिमीटर जाडीची, वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली. स्वस्तात डांबराची शीट पुढे करतात. गच्चीला लावतात तीच. एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीत ती मऊ पडते, वास मारते आणि सरकते. दुकानात तुकडा हातात घेऊन वास घ्या, लगेच ओळखू येतं.

बाहेरचा पत्रा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून कोरडा करा. धूळ राहिली तर शीट सुटते. मग शीट लावून छोट्या रोलरने घट्ट दाबा, पापुद्र्यावरची नक्षी सपाट होईपर्यंत. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही. पत्र्याचा पाव ते अर्धा भाग झाकला तरी त्याचं वाजणं बरंच थांबतं. सगळ्यात मोठ्या सपाट जागेच्या मध्यावर आणि स्पीकरच्या बरोबर मागे लावा. बोटाने टकटक करून बघा: "टण्ण" चं "ठप्" झालं की पुरे. "फुल डॅम्पिंग" म्हणून दाराचा इंच न् इंच भरून बिल वाढवणारे भेटतील.

आतल्या पत्र्याच्या मोठ्या भोकांवर नुसती शीट ताणून लावली तर ती पडद्यासारखी थरथरते. आधी पातळ ॲल्युमिनियमचा किंवा कडक प्लास्टिकचा तुकडा कापून बसवा आणि त्यावर शीट लावा. काचेची यंत्रणा दुरुस्त करायला पुढे कधी ते उघडावं लागेल, हे लक्षात ठेवून तुकडे सुटे होतील असे ठेवा. आतला लॉकचा रॉड आणि केबल मोकळी हलतेय ना, काच पूर्ण खाली-वर होतेय ना, हे पॅड बसवायच्या आधी चारदा तपासा.

एक सावधगिरी. काही गाड्यांच्या दारात बाजूची धडक ओळखणारा दाबाचा सेन्सर असतो. तुमच्या गाडीत तो आहे का, हे सर्व्हिस सेंटरला विचारा. असेल, तर आतली भोकं हवाबंद करण्याच्या फंदात पडू नका. फक्त बाहेरचा पत्रा करा. आणि दारात साधा स्पंज कधीच भरू नका, तो पाणी धरून बसतो.

पायरी ६: स्पीकर

पुढचे दोन. मागच्यांचा विचार नंतर.

खोक्यावर "३०० वॉट" लिहिलेलं असतं, तो क्षणभराचा आकडा. तुम्ही आरएमएस, म्हणजे सलग पेलणारे वॉट बघा आणि त्याहून महत्त्वाची सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे ठरावीक ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो. कंपनीच्या डेकवरच चालवायचे असतील, तर ९० डेसिबल किंवा जास्त सेन्सिटिव्हिटीचे घ्या. ३ डेसिबलने जास्त सेन्सिटिव्ह स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी निम्मी ताकद लागते. गाडीतले स्पीकर साधारण ४ ओहमचे असतात. डेकवर त्याहून कमी ओहमचे लावताना डेकचं पुस्तक वाचा.

कोॲक्सियलमध्ये ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) मधोमध बसवलेला असतो: बसवायला सोपा, स्वस्त. कॉम्पोनंटमध्ये ट्वीटर वेगळा आणि क्रॉसओव्हर (वरचे-खालचे सूर वेगळे करणारी डबी) वेगळा. दारातला स्पीकर गुडघ्यापाशी असतो आणि वरचे सूर सरळ रेषेत जातात, त्यामुळे कॉम्पोनंटचा ट्वीटर आरशाच्या कोपऱ्यातल्या त्रिकोणात बसवला की गाणं गुडघ्यातून उठून समोर येतं. त्या त्रिकोणात जागा असेल तर कॉम्पोनंटच घ्या. काचेच्या खांबावर ट्वीटर चिकटवायचा विचार मात्र सोडा, कारण खिडकीवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असलेल्या गाड्यांत बॅग त्याच वाटेने उघडते.

खोली मोजा. काच पूर्ण खाली असताना चुंबक तिला लागत नाही ना, हे महत्त्वाचं. लागत असेल तर मधे स्पेसर रिंग घालतात. ती एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) नको. पहिल्याच पावसाळ्यात एमडीएफ फुगतं. प्लास्टिक किंवा ॲक्रिलिकची घ्या, आणि रिंग व पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी द्या, म्हणजे फट राहत नाही.

वायर कापू द्यायची नाही. तुमच्या मॉडेलचा कपलर मिळतो, तो मधे लावला की कंपनीची वायरिंग शाबूत राहते आणि वॉरंटीचा वाद उद्भवत नाही. "साहेब, कापून टेप मारतो, काही होत नाही" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि दुसऱ्या दुकानात जा.

आता ती उलटी वायर. एका स्पीकरची अधिक-उणे बाजू उलट लागली, तर एकाचा पडदा पुढे जातो तेव्हा दुसऱ्याचा मागे, आणि बेस नाहीसा होतो. मोनो गाणं लावा, बॅलन्स (डाव्या-उजव्या स्पीकरमधली वाटणी) मध्यावर ठेवा आणि ऐका. मग बॅलन्स पूर्ण एका बाजूला न्या. एकाच बाजूला बेस जास्त भरीव वाटला आणि मध्यावर आला की पातळ झाला, तर वायर उलटी आहे. खात्री करायची तर डेकपासून स्पीकर सोडवून त्याला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावा: सेलचं अधिक स्पीकरच्या अधिकला लागलं तर पडदा बाहेर येतो. ट्वीटरवर हा प्रयोग नको.

पायरी ७: ॲम्प, आणि वॉटचं गणित

डेकवर लिहिलेलं असतं ४ × ५०, म्हणजे चार स्पीकरना प्रत्येकी ५० वॉट. बाहेरून वेगळा ॲम्प नसेल, तर हे शक्य आहे का? गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट असतात. डेकची चिप तेवढ्यातच खेळते. ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ सुरात त्यातून जास्तीत जास्त सुमारे २६ वॉट निघू शकतात, आणि चिपमधली घट धरली तर विशीच्या आसपास. म्हणजे ४ × ५० हा क्षणिक आकडा आहे, आणि नऊ इंची स्क्रीनच्या खोक्यावर ४ × ८० लिहिलं असलं तरी चिपच्या मागे व्होल्ट तेवढेच आहेत.

ॲम्प घेताना त्याच्यावरचा फ्यूज बघा, आकडा कळतो. "२००० वॉट" च्या ॲम्पवर ३० अँपिअरचा फ्यूज असेल, तर आत जाणारी ताकदच ३० गुणिले १३.८ म्हणजे सुमारे ४१४ वॉट. जुन्या एबी वर्गाच्या ॲम्पमध्ये त्यातले साठ टक्के बाहेर येतात, डी वर्गाच्यात ऐंशीच्या आसपास. दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर हा हिशोब करा. विक्रेत्याचा सूर बदलतो.

चार चॅनेलला प्रत्येकी खरे ५० वॉट देणारा छोटा ॲम्प शहरातल्या गाडीला पुरून उरतो. कंपनीची टचस्क्रीन तशीच ठेवायची असेल, तर स्पीकरच्या वायरीतूनच संकेत घेणारा ॲम्प घ्या. त्यामुळे डेक बदलावा लागत नाही. नव्या गाड्यांत स्क्रीनमध्ये एसी, कॅमेरा, सगळंच असतं; तिथे डेक बदलण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा.

वायरिंगवर मात्र डोळ्यांत तेल घालून उभे राहा. बॅटरीपासून येणाऱ्या मुख्य वायरीला बॅटरीच्या ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवा. तो ॲम्पसाठी नसून वायरीसाठी असतो: वायर कुठे घासून बॉडीला लागली, तर फ्यूज उडतो, नाहीतर गाडी पेटते. इंजिनच्या भिंतीतून वायर आत येते तिथे रबराचं ग्रोमेट हवंच. अर्थिंगची वायर आखूड, आणि जिथे लावाल तिथला रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. बोल्ट आवळल्यावर वरून गंजरोधक मारा, खाडीची दमट हवा आपल्याकडे बारा महिने आहे. आणि वायर तांब्याचीच. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर सर्रास खपवतात. एक तार ब्लेडने खरवडा: आतून पांढरी निघाली तर परत करा.

इंजिन रेझ केल्यावर स्पीकरमधून "सुंऽऽ" असा चढता आवाज आला, तर बहुधा अर्थिंग सैल आहे, किंवा सिग्नलची वायर मुख्य वायरीच्या बाजूनेच ओढलीय. मुख्य वायर एका बाजूच्या दारपट्टीखालून आणि सिग्नल दुसऱ्या बाजूने न्यायला सांगा. आधीच सांगा, नंतर गालिचा पुन्हा काढायला कुणी खुशीने तयार होत नाही.

ॲम्पवरचा गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, तो डेकच्या संकेताशी ॲम्प जुळवतो. इक्वलायझर शून्यावर, डेकचा आवाज पाऊण, गेन पूर्ण कमी. मग गेन हळूहळू वाढवत जा. टाळ चरचरायला लागले की थोडा मागे घ्या आणि सोडून द्या. मल्टिमीटर असेल तर अजून नेमकं: स्पीकर सोडवून पूर्ण पातळीचा चाचणी सूर लावा, ४ ओहमवर ५० वॉट म्हणजे एसी १४.१ व्होल्ट. तेवढे दिसले की थांबा.

पुढच्या स्पीकरना ॲम्पमधून ८० हर्ट्झच्या आसपास हाय पास (त्याखालचे सूर अडवणारी सेटिंग) लावा. त्यांच्या खांद्यावरचं सगळ्यात खालच्या सुरांचं ओझं उतरतं आणि मधला आवाज मोकळा होतो. बूफर नसेल तर ६० पर्यंत उतरा.

पायरी ८: बूफर, तोही लागला तर

एवढं केल्यावर एक महिना गाडी वापरा. भजनं, नाट्यगीतं, गझला, जुनी गाणी ऐकणाऱ्यांना पुढे जायची गरज क्वचितच पडते. नाशिक ढोल, नव्या सिनेमांची गाणी किंवा ईडीएम ऐकत असाल, तर बूफरला अर्थ आहे.

सीएनजी गाडीत डिकी सिलिंडरने आधीच घेतलेली असते. तिथे पेटी कोंबू नका, सिलिंडरच्या बेडीजवळ स्क्रू मारू नका. दर तीन वर्षांनी हायड्रोटेस्टला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला) सिलिंडर काढावा लागतो, तेव्हा सगळी वायरिंग आडवी येते. अशा गाडीला सीटखाली बसणारा, आत ॲम्प असलेला चपटा बूफर योग्य. सीटखाली पिवळा कपलर दिसला तर त्याला हात लावू नका, तो एअरबॅगचा असतो. इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते, काम तिच्यावरच. केशरी रंगाच्या जाड वायरींपासून चार हात लांब.

बूफरला लो पास (वरचे सूर अडवणारी सेटिंग) ८० हर्ट्झ, आणि फेजचं बटण दोन्ही बाजूंना फिरवून बघा: ज्या बाजूला ड्रायव्हरच्या सीटवर बेस जास्त भरीव वाटतो ती बरोबर. बूफर कुठे आहे हे कळता कामा नये. मागून ढबढब येतेय असं वाटलं, तर तो जास्त झालाय.

पायरी ९: शेवटचा हात

डेक किंवा ॲम्पमध्ये टाइम अलाइनमेंट (जवळच्या स्पीकरला किंचित उशीर देण्याची सेटिंग) असेल, तर ती वापरा. आपण उजवीकडे बसतो, म्हणून उजव्या दाराचा आवाज आधी पोचतो आणि गायक आपल्या मांडीवर येऊन बसतो. टेपने दोन्ही स्पीकरचं कानापासूनचं अंतर मोजा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. उजवा ९० सेंटिमीटरवर, डावा १३० वर असेल, तर फरक ४० चा, म्हणजे उजव्याला सुमारे १.२ मिलिसेकंद उशीर द्या. मोनो गाणं लावा. गायक सरकत सरकत डॅशबोर्डच्या मध्याकडे येतो, आणि या पूर्ण खटाटोपातला हा सगळ्यात मजेचा क्षण असतो. शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला मात्र थोडं वाकडं ऐकू येईल. घरच्यांना आधीच कल्पना द्या.

मग पुन्हा पाम बीच, तीच चार गाणी, डेकवर तोच आकडा. आवाज एवढाच ठेवा की मागून आलेली रुग्णवाहिका ऐकू येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात. घोडबंदरवरून बीकेसीला रोज ये-जा करणाऱ्यांचे तास पटकन भरतात.

दुकानात जाताना

काम डोळ्यांसमोर होईल असं दुकान निवडा आणि सकाळी पहिली गाडी तुमची असू द्या. संध्याकाळी सहानंतर आलेल्या गाडीची अर्थिंग घाईत होते. बिल जीएसटीचं, त्यावर मॉडेल नंबर आणि स्पीकरची वॉरंटी लिहून. पावसाळ्यात दारं उघडायचं काम काढू नका, ऑक्टोबरनंतर काढा. ओल्या पत्र्यावर शीट धरत नाही.

पैशांची वाटणी माझ्या मते अशी: दहा भाग धरले तर तीन दारांना, चार पुढच्या स्पीकरना, तीन ॲम्प आणि वायरिंगला. मागच्या स्पीकरना यात काही नाही, कंपनीचेच राहू द्या. बूफर यात धरलेला नाही.

काढलेले कंपनीचे स्पीकर, स्क्रू आणि जादा क्लिपा मागून घ्या. न मागता कुणी देत नाही. गाडी विकताना तेच परत बसतात आणि तुमचा संच पुढच्या गाडीत जातो, कपलर लावलेत म्हणून अर्ध्या दिवसात. खोक्यावर गाडीचं मॉडेल आणि कुठला स्पीकर कुठल्या दाराचा ते मार्करने लिहा आणि माळ्यावर टाका.